आम्ही तिघं, एक लॅपटॉप आणि विकसनशील देश

अ‍ॅप बनवायला आम्हाला चौदा महिने लागले. किस्से मात्र पहिल्याच आठवड्यापासून तयार व्हायला लागले, आणि त्यांना टेस्टिंगसुद्धा लागलं नाही. आता अ‍ॅप दोन तालुक्यांतल्या काही शाळांमध्ये चालतं, मुलं ते वापरतात की नाही हे मला नक्की सांगता येणार नाही. पण स्टाफरूममध्ये चहा आला की अ‍ॅपविषयी कुणी विचारत नाही, किस्सेच विचारतात. मी लिहून ठेवले नव्हते. एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा आपोआप येतो, एवढंच.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी जुन्नरला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. पुण्यातल्या एका संस्थेला शाळेतल्या मुलांसाठी विकसनशील देशांच्या आर्थिक अडचणी समजावणारं अ‍ॅप हवं होतं. अट अशी, की ते गावाकडच्या माणसांनी गावाकडच्या मुलांसाठी बनवायचं. त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं आणि मग माणसं शोधायला निघाले.

पहिला सापडला इरफान. माझा जुना विद्यार्थी. बाजारपेठेत त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. बारावीला मीच त्याला अर्थशास्त्रात काठावर पास केलं होतं. दुसरी सुप्रिया, घोडेगावची. घरी शेती, हिचा हात मात्र ब्रशवर. शाळांच्या भिंती रंगवायची कामं घ्यायची.

मी इरफानला विचारलं, "तू आधी कधी अ‍ॅप बनवलंयस का?"

"बनवलं न्हाई मॅडम," तो म्हणाला, "पण डिलीट लई केलीत!"

*

अ‍ॅपचं नाव पुण्याहूनच आलं होतं: 'विकसनशील देशांपुढील आर्थिक आव्हाने'. कमिटीने ठरवलेलं.

पहिल्यांदा अ‍ॅप फोनवर चढलं तेव्हा आम्ही इरफानच्या दुकानात पेढे आणले होते. अ‍ॅपच्या नावाने स्क्रीनवर फक्त एक चौकोन आणि त्याखाली नाव, बाकी आत काहीही नव्हतं. तरी पेढे आणले होते.

शेजारच्या गाळ्यात इरफानचे अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवतात. इरफानने त्यांना हाक मारून फोन हातात दिला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि चौकोनाखालची अक्षरं एकेक करून वाचली.

"विकसन... शील... दे."

मग मान वर करून म्हणाले, "काय दे?"

इरफान म्हणाला, "अब्बा, नाव लांब हाय. तेवढ्या जागेत बसत न्हाई, म्हणून पुढचं तुटतंय."

अब्बांनी फोन परत दिला, पेढा उचलला.

"जागा न्हाई त लहान नाव ठेव की. दारात आल्या आल्या हात कशाला पसरतो?"

*

इरफान कोडिंग शिकला ते व्हिडिओ बघून. व्हिडिओ हिंदी, कोड इंग्रजी, आणि शिव्या मराठी. मी त्याच्या शेजारी बसून एकेक धडा सांगायची: दरडोई उत्पन्न म्हणजे काय, दारिद्र्यरेषा म्हणजे काय. तो ऐकायचा, मान हलवायचा आणि काहीतरी टाइप करायचा.

कोडमध्ये प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं, ते नाव आपल्या मनाने देता येतं, हे मला नंतर कळलं. इरफानने दिलेली नावं अशी: 'गरीब', 'गरीब २', आणि 'लई गरीब'.

एक दिवस दुपारी मी कॉलेजातून आले तर तो डोक्याला हात लावून बसलेला. सकाळपासून अ‍ॅप सुरूच होत नव्हतं. स्क्रीनवर लाल अक्षरात एकच ओळ होती. मी चष्मा चढवून वाचली.

'गरीब इज नॉट डिफाइन्ड.'

मी खुर्चीत बसले. बावीस वर्षं हा विषय शिकवते आहे. गरीब कुणाला म्हणायचं यावर किती समित्या बसल्या, किती उठल्या, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. पोरं उतरवून घेतात आणि परीक्षेत क्रम चुकवतात.

"मॅडम, ह्याचं काय करायचं?" इरफान म्हणाला.

"ते अजून कुणालाच कळलेलं नाही," मी म्हटलं.

"न्हाई ओ," तो म्हणाला, "मी वरती एक ओळ लिहायची विसरलो व्हतो. पण मला वाटलं, तुमाला दाखवावं!"

*

छुप्या बेरोजगारीचा धडा मी स्वतः लिहिला होता. त्यामुळे तो मला फार सोपा वाटत होता. धडा खरोखर सोपा आहे का हे बघायला इरफानने एक युक्ती काढली. दुकानात फोन दुरुस्तीला दिलेलं गिऱ्हाईक बसून असतंच, त्यालाच वाचायला द्यायचं.

त्या दिवशी नारायणगावच्या बाजूचे एक पाहुणे बसले होते. टोमॅटोचे शेतकरी. त्यांच्या फोनची स्क्रीन फुटली होती. इरफानने दुसरा फोन त्यांच्या हातात दिला.

"पावणं, एवढं जरा वाचून सांगा, समजतंय का."

पाहुण्यांनी मोठ्याने वाचलं. "एखाद्या कामावर गरजेपेक्षा जास्त माणसे असतात. ती सर्व कामात असल्यासारखी दिसतात. परंतु त्यांतील काही माणसे काढून घेतली, तरी कामात काहीही फरक पडत नाही. यास छुपी बेरोजगारी म्हणतात."

"समजलं का?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. समोर एकच लॅपटॉप. त्यापुढे इरफान बसलेला. त्याच्या डाव्या बाजूला सुप्रिया बघत बसलेली, उजव्या बाजूला मी बघत बसलेली.

"समजलं की," पाहुणे म्हणाले. "मंजे आसंच ना?"

सुप्रिया उठली आणि म्हणाली, "मी चहा सांगून येते."

*

आवाज भरायचा होता. धडे वाचून दाखवायला सुप्रियाचा आवाज चांगला, पण जागा मिळेना. दुकानात हॉर्न, कॉलेजात घंटा, सुप्रियाच्या घरी म्हशी. शेवटी तिनेच सुचवलं, लेण्याद्रीला जाऊ. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी गेलो तर वर कुणी नसतं.

तीनशेच्या वर पायऱ्या चढून आम्ही गेलो. माकडांनी केळी समजून माइकची पिशवी तपासली, ती परत मिळवण्यात पंधरा मिनिटं गेली. मग एका रिकाम्या लेण्यात बसलो. शांतता अशी, की इरफानने खिशातला फोन काढला तरी आवाज यावा.

सुप्रियाने सुरुवात केली. "धडा तिसरा. महागाई."

दगडी भिंतींनी ते घेतलं. महागाई... गाई... गाई... गाई...

तिने हळू म्हणून पाहिलं, भिंतीकडे तोंड करून म्हणून पाहिलं, इरफानने तिच्या डोक्यावरून शाल धरली. काही उपयोग नाही. अर्धा तास आम्ही महागाईच म्हणत होतो.

लेण्याच्या दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले होते. दर्शन झालं होतं, दम खात होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि उठताना म्हणाले,

"बाई, तुमी एकदाच म्हणा. ती हितं आपोआप वाढतीय!"

*

पुण्याहून आलेल्या मजकुरात एका धड्याचं नाव होतं 'गरिबीचा सापळा'. गरिबीमुळे शिक्षण नाही, शिक्षण नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून गरिबी, असा तो धडा. सुप्रियाला सापळ्याचं चित्र काढायला सांगितलं.

पुण्याच्या माणसाला सापळा म्हटलं की उंदराचा आठवत असेल. आमच्याकडे सापळा म्हणजे बिबट्याचा पिंजरा. प्रत्येक गावाच्या शिवारात कधी ना कधी लागलेला असतो. सुप्रियाने तोच काढला. उसाच्या कडेला उभा लोखंडी पिंजरा, उघडं दार, आणि मागच्या वेगळ्या कप्प्यात आमिष म्हणून बांधलेली शेळी. चित्र छानच झालं होतं.

नदीकाठच्या एका हायस्कुलात नववीच्या वर्गाला आम्ही ते दाखवलं. मुलांनी पिंजरा लगेच ओळखला. "आमच्या वावरात आसाच लावला व्हता!" वगैरे झालं. मी धडा समजावून सांगितला आणि विचारलं, "काही शंका?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, ह्यातला गरीब कोणता? बिबट्या का शेळी?"

मी तोंड उघडलं. पण मला बोलावं लागलंच नाही, वर्गानेच विषय हातात घेतला.

"बिबट्या," एक मुलगा म्हणाला. "त्योच आडाकतो ना!"

"न्हाई," ती मुलगी म्हणाली. "त्याला गाडीत घालून नेत्यात आन लांब सोडून देत्यात. त्याची सुटका व्हती."

"मंग शेळीबी वाचती की. मधी जाळी आसती."

"वाचती," ती म्हणाली, "पण पुढच्या पिंजऱ्यात परत तिलाच बांधत्यात."

वर्गशिक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत लिहून घेतलं आणि संध्याकाळी घरी गेल्यावर धड्यातली माझी दोन पानं काढून टाकली.

*

आता जो किस्सा सांगते तो स्टाफरूममध्ये फारसा कुणी मागत नाही.

घोडेगावहून आहुप्याच्या बाजूला जाणारी एसटी पकडून आम्ही डोंगरातल्या एका शाळेत गेलो होतो. मुलं थोडी होती, सुप्रियाच्या एकाच फोनभोवती सगळी जमली. सुप्रियाने एका धड्यासाठी घराचं चित्र काढलं होतं. कुडाच्या भिंती, कौलारू छप्पर, दारात कोंबडी, आणि डोक्यावर हंडा घेऊन येणारी बाई. आधीच्या एका फेरीत एसटीच्या खिडकीतून तिने असं घर पाहिलं होतं.

चित्र उघडलं आणि सोनल नावाची आठवीतली मुलगी ओरडली, "ए, हे आमचं घर हाय!"

सगळी फोनवर वाकली. "खरंच की! तीच कोंबडी! आन ही सोनीची आई!" सोनलचा चेहरा असा झाला होता, जणू तिच्या घराला कुणीतरी बक्षीस दिलंय. ती सुप्रियाला म्हणाली, "ताई, आमचं घर आता पुण्याला पण दिसणार?"

"दिसणार," सुप्रिया म्हणाली.

चित्राच्या खाली धड्याचं नाव होतं. 'दारिद्र्याची लक्षणे'. सुप्रियाने फोन धरला होता आणि तिचा अंगठा त्या नावावर होता. मला आधी वाटलं, सहज आहे.

"ताई, खाली काय लिवलंय? बोट काढा ना."

सुप्रियाने अंगठा काढला नाही. "बॅटरी गेली," ती म्हणाली, आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागलं, संपलं. घोडेगावच्या स्टँडवर उतरताना एवढंच म्हणाली, "मॅडम, मी तिला इचारलंच न्हवतं."

दुसऱ्या दिवशी तिने ते चित्र काढून टाकलं आणि तिथे रिकामी चौकट ठेवली. आठवड्याने पुण्याहून मेल आला. दारिद्र्याच्या धड्यातलं चित्र कुठे गेलं? कृपया योग्य चित्र लवकर टाकावे.

सुप्रियाने उत्तर मला विचारून लिहिलं नाही. लिहिलं असं: 'चौकट मोकळी ठेवली आहे. ज्यांना चित्र हवे असेल, त्यांनी आपापल्या घराचा फोटो पाठवावा.'

फोटो कुणाचाच आला नाही. चौकट अजून तशीच आहे.

*

मुलांकडून सूचना मागवायच्या होत्या, तोही एक नियम होता. अ‍ॅपच्या शेवटी आम्ही प्रश्न टाकला: 'या अ‍ॅपमध्ये आणखी काय असावे असे तुम्हाला वाटते?'

मला वाटलं, कुणी लिहील आणखी देशांची माहिती हवी, कुणी लिहील नकाशे हवेत. एका शाळेतून जेवढी उत्तरं आली, त्यातल्या बहुतेकांत एकच शब्द होता. बॅटरी.

इरफान घाबरला. "मॅडम, आपलं अ‍ॅप बॅटरी लई खातंय वाटतं." दोन दिवस बसून त्याने अ‍ॅप हलकं केलं. मग खात्री करायला त्या शाळेच्या सरांना फोन लावला.

सर म्हणाले, "अहो, बॅटरी म्हणजे टॉर्च! पोरं सकाळची अंधारातच उसातनं चालत येतात. अ‍ॅपमधून उजेड पडला तर बरं, असं म्हणतायत."

इरफानने टॉर्चचं बटण टाकलं. त्यानंतर त्या शाळेत आमचं अ‍ॅप रोज उघडलं जायला लागलं. पुण्याच्या अहवालात त्या शाळेचं नाव 'सर्वाधिक जिज्ञासू' म्हणून छापून आलं!

*

शेवटची पाहणी होती. पुण्याहून एक सर आणि एक मॅडम येणार होते. अ‍ॅप दोन्ही तालुक्यांतल्या शाळांना द्यायचं की काम इथेच थांबवायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. घोडेगावपासून जवळच्या एका शाळेत आम्ही सकाळपासून तयारीत होतो. इरफानने नवा शर्ट घातला होता.

पाहुण्यांना दाखवायला आम्ही अ‍ॅपमधला खेळ निवडला, कारण तेवढीच एक गोष्ट कधी बंद पडली नव्हती. खेळ असा: तुम्हाला एक गरीब देश मिळतो. दर वर्षी काही दाणे मिळतात. ते पाणी, शाळा, दवाखाना आणि रस्ता या चार सुपांत वाटायचे. मग वर्षाला एक संकट येतं. कधी दुष्काळ, कधी पूर, कधी साथ. एखादं सूप रिकामं झालं की देश बुडतो, ढोल वाजतो आणि स्क्रीनवर येतं, 'राजीनामा द्या!' तो स्क्रीन सुप्रियाने फार मन लावून रंगवला होता.

मुलं खेळायला लागली. पाचव्या-सहाव्या वर्षी देश बुडत होते, ढोल वाजत होते, पोरं हसत होती. पुण्याचे सर वहीत काहीतरी लिहीत होते.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या हिराबाई ओल्या हातांनी दारात उभ्या राहून बघत होत्या. एका मुलीने सगळे दाणे एकदम वाटले, तशा त्या म्हणाल्या, "अगं, समदं कशाला वाढतीस? मागं ठिव की थोडं."

पुण्याच्या मॅडम वळल्या. "तुम्ही खेळून बघता का?"

"मला न्हाई बाई येत फोनमधलं."

"नुसतं बोट लावायचं, हिराबाई," सुप्रिया म्हणाली.

त्यांनी पदराला हात पुसले आणि पोरांच्या मध्ये खाली बसल्या. पहिल्या वर्षी पाण्यात जास्त टाकले, बाकीच्यांत थोडे थोडे, आणि उरलेले तसेच ठेवले. दुष्काळ आला. ठेवलेल्यातले काढून भागवलं. पूर आला. पुन्हा तसंच. सहावं वर्ष गेलं, आठवं गेलं. पोरांचं हसणं थांबलं.

"तुम्ही मागे का ठेवता?" पुण्याच्या सरांनी विचारलं.

हिराबाईंनी नजर फोनवरच ठेवली. "हजेरीत पोरं येवढी आसत्यात, आन जेवायला कवा कमी, कवा धाकटी भावंडं धरून जादा. आधीच समदं वाढून बसलं, की शेवटच्याचं ताट कोरडं."

साथ आली. दवाखान्याचं सूप जवळजवळ रिकामं झालं. इरफान माझ्या कानात म्हणाला, "मॅडम, आता बुडतोय." हिराबाईंनी रस्त्याचे दाणे त्या वर्षी दिलेच नाहीत, सगळे दवाखान्यात ओतले. देश वाचला. बारावं वर्ष. पंधरावं. चारही सुपं भरत आली. पोरं आता गुडघ्यांवर उभी राहून बघत होती. सुपं काठोकाठ भरली.

आणि स्क्रीन पांढरा झाला. एक क्षण तसाच राहिला, मग अ‍ॅप बंद पडलं.

हिराबाईंनी बोट झटकन मागे घेतलं. "माझ्याकडनं काय मोडलं का?"

"नाही, नाही," मी म्हटलं. मलाही माहीत नव्हतं.

पुण्याच्या सरांनी पेन खाली ठेवलं. "इरफान, काय झालं?"

इरफान फोनकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सर, ह्यांचा देश विकसित झाला."

"मग?"

"त्याच्या पुढचा स्क्रीन बनवलेलाच न्हाई."

"म्हणजे? का नाही बनवला?"

इरफानने सुप्रियाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आमी तिघं चार महिनं खेळत व्हतो, सर. तिथवर कुणी पोचंल, आसं आमच्या डोक्यातच आलं न्हाई."

स्वयंपाकखोलीतून काहीतरी उतू जाऊन फसफसल्याचा आवाज आला. हिराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि फोन इरफानच्या हातात दिला.

"मंग तेवढं बनवून ठिवा," त्या म्हणाल्या. "मी तवर खिचडी उतरून येते."